नऊ बोलकी, बावीस मुकी

दादासो मंडल्यांनी पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली आणि पोतं अंगणातच उपडं केलं. कॉम्प्युटरच्या जुन्या कार्डांचा ढीग खडखडत माझ्या चपलांपर्यंत आला.

"घ्या निवडून, बाई," ते म्हणाले. "पर आदी एक सांगा. तुमास्नी सोनं पायजे का इंटरनेट?"

"इंटरनेट."

"मग आक्रीतच म्हणायचं. ह्या ढिगाकडं बघून सोनं नको म्हणणारं माणूस पैल्यांदाच बघतोय."

ते थट्टा करत होते, पण खोटं बोलत नव्हते. विट्याकडची आमची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोन्या-चांदीची मोड वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली. दादासोंचं दुकान कोईमतूरला. कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत ज्या बाजूनं बसतं तिथल्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, म्हणून अलीकडे ते जुनी कार्डंही पोत्यांनी गोळा करू लागले होते. नवरात्रात गावी यायचं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घरची भट्टी पेटवायची, हा त्यांचा नेम होता.

मी त्या ढिगात नेटवर्क कार्डं शोधत होते, तीही लिनक्सवर चालणारी. साल दोन हजार तीन. तांबखडीच्या कन्या विद्यालयात मी विज्ञान शिकवायची. वय सव्वीस, आणि डोक्यात राख घालून घेण्यात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं.

झालं होतं असं, की पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कचेरीनं आम्हाला दहा जुने कॉम्प्युटर दिले. आतून पुसून कोरे केलेले आणि नेटवर्क कार्डं काढून घेतलेली. विंडोज घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. मी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून दहाही यंत्रांवर फुकटात मिळणारं लिनक्स घातलं, शिवणाच्या जुन्या वर्गात ती मांडली, आणि दहावीच्या मुली जेवणाची सुट्टी सोडून तिथे येऊन बसू लागल्या. फोनची लाइन एकच. तेव्हा एक यंत्र इंटरनेटला जोडायचं आणि बाकी नवांनी त्याच्याकडून घ्यायचं, असा माझा बेत होता. त्यासाठी दहांना दहा कार्डं हवीत.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब एकदा डोकावून गेले. म्हणाले, "बाई, खंडेनवमीला मी पूजेला येतोय. त्या दिवशी ही दहाच्या दहा एकमेकांशी बोलताना दिसली तर ठेवा तुमच्या पोरींना. नाहीतर विट्याला मुलांच्या हायस्कुलात हलवू. तिथं कॉम्प्युटरचे सर तरी आहेत."

मी मान डोलावली. मग सांगलीच्या एका दुकानातून एक कार्ड आणून पाहिलं. घातल्याबरोबर लिनक्सनं ओळखलं. मी हुरळून गेले आणि त्याच कंपनीची, तसल्याच खोक्यांतली आणखी नऊ आणली. एक चालेल तर शपथ! खोकं तेच, वरचं चित्र तेच, आतली चिप मात्र वेगळी. लिनक्सचं तेव्हा असं होतं, की त्या त्या चिपशी बोलायची भाषा त्याला आधीपासून ठाऊक असावी लागे. ठाऊक नसेल, तर कार्ड कितीही धडधाकट असो, लिनक्सच्या लेखी ते नसतंच. दुकानदारानं नऊ परत घेतली, पण 'लिनक्स' हे नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

म्हणून दादासोंचं अंगण. मी भिंगातून एकेका चिपवरचा नंबर वाचत उकिडवी बसले. काही चिपांवर खेकड्याचं चित्र असतं, ती हमखास चालतात हे मला ठाऊक होतं. तसली चारच निघाली. बाकीच्यांवरचे नंबर घासले गेलेले. शेवटी नेटवर्क कार्ड म्हणून जे जे दिसलं ते सगळं उचललं. एकतीस झाली.

"चालतील ती ठिवा," दादासो म्हणाले. "न चालतील ती खंडेनवमीच्या सांजंला माज्याकडं परत. दुसऱ्या दिशी भट्टी हाय."

बुधवारपासून मी रोज दुपारी शाळा सुटली की कार्डं तपासायला बसले. एका कॉम्प्युटरचं झाकण काढून ठेवलेलं. कार्ड खाचेत घालायचं, यंत्र सुरू करायचं, ते उठेपर्यंत वाट बघायची, मग शेजारच्या यंत्राला हाक मारायची. ओ आली तर कार्ड चांगलं. नाहीतर यंत्र बंद, कार्ड बाहेर, पुढचं आत. एकाला दहा मिनिटं सहज जायची.

सोबतीला हौसामावशी असायची. ती शाळेची शिपाई. पन्नाशीची, हाडापेरानं काटक, कपाळावर फक्त हिरवं गोंदण. नवरा गलाईच्या कामावर मदुराईला होता, तिकडेच तापानं गेला, तेव्हापासून म्हणजे बारा वर्षं ती शाळेत होती. किल्ल्या तिच्याकडे, त्यामुळे मी उठेपर्यंत तिला जाता यायचं नाही. सुरुवातीला ती दारात बसायची. मग जरा पुढे, मग थेट माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून.

"काय म्हणतंय?" ती विचारायची.

"काहीच म्हणत नाही."

"मुकं हाय व्हय?"

"मुकंच."

ती ते कार्ड माझ्या हातातून घ्यायची, पदरानं पुसायची आणि खोक्यात ठेवायची. मी ठेवलं असतं तर भिरकावलंच असतं. "असू द्या बाई," ती म्हणायची, "त्याचं बी काय चुकलं नसंल."

बोलकी आणि मुकी हे शब्द तिचेच. शुक्रवारी दुपारपर्यंत आठ बोलकी सापडली. सांगलीचं एक धरून नऊ. एकच कमी होतं आणि तपासायची दोनच राहिली होती. त्यातल्या पहिल्यानं ओ दिली तेव्हा मी एवढ्यानं ओरडले, की माठावरची वाटी मावशीच्या हातून पडली. दुसरं मुकं निघालं, पण आता कुणाला पर्वा होती? नऊ बोलकी आणि सांगलीचं एक. दहा! कमी नाही, जास्त नाही.

खोकं एकच होतं, तेव्हा चांगल्या कार्डांवर खूण करायला हवी होती. पेन कार्डाच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर उमटेना, खडू हात लागला की पुसला जाई. कपाटात उद्याच्या पूजेचं तबक घासूनपुसून तयार होतं. मी त्यातलं थोडं कुंकू पाण्यात कालवलं आणि काडेपेटीच्या काडीनं नऊ कार्डांच्या पट्टीवर एकेक ठिपका दिला.

मावशी बघत होती.

"खुणेला हो," मी म्हटलं.

मी ठिपके वाळू दिले, एकतीसही कार्डं खोक्यात घातली आणि शीळ घालत घरी गेले. आमच्या घरी बायकांनी शीळ घातलेली चालत नाही, पण त्या दिवशी वडिलांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते सुतार. उद्याच्या पूजेसाठी रंधे आणि पटाशा पुसत बसले होते.

खंडेनवमीला मी आठ वाजता शाळेत पोचले. कार्डं बसवायला तास पुरला असता, आप्पासाहेब अकराला यायचे होते. वर्गाचं दार उघडलं आणि मी चौकटीतच थांबले.

मधल्या टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं होतं. त्यावर एकतीस कार्डं, ओळीनं, लख्ख पुसलेली. प्रत्येकापुढे झेंडूचं एक फूल. आणि प्रत्येकाच्या पट्टीवर, एकूणएक प्रत्येकाच्या, कुंकवाचा लाल ठिपका.

मला आधी घाम फुटला आणि मग आवाज. एकतीस कार्डं, एकाला दहा मिनिटं, म्हणजे पाच तास. हातात होते तीन.

"कुणाचा हा आगाऊपणा?" मी व्हरांड्यात जाऊन ओरडले. काल संध्याकाळी दहावीच्या सहा मुली तोरणं बांधायला थांबल्या होत्या. त्याच आता रांगोळी घालत होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि टेबलासमोर उभं केलं. "एवढी मरमर केली मी, आणि तुम्ही खेळ करून ठेवलात त्याचा!"

"आम्ही नाही बाई, आईशप्पत," रेश्मा पिसाळ म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात धीट मुलगी. ह्या यंत्रांसाठी जेवण सोडणाऱ्यांत पहिली तीच असायची.

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे मोठ्या बाईच म्हणत. त्यांनी टेबल पाहिलं, माझं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून हातात धरला. त्यांनी चष्मा काढला की शाळा चळाचळा कापायची.

"अवजारं मांडून ठेवायला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण हळदकुंकू पूजेच्या वेळी लावायचं असतं. ज्या कुणी लावलं तिनं आत्ता सांगावं. नाहीतर सहाही जणी पूजेला बसणार नाहीत, आणि घरी चिठ्ठ्या जातील."

कुणी हललं नाही. रेश्मा रडायला लागली.

"पोरींस्नी काय म्हणू नका, मोठ्या बाई." दारातून आवाज आला. हौसामावशीच्या हातात केरसुणी होती. "म्या लावलं."

दर खंडेनवमीला तबक मावशीच घासायची, फुलं तीच ओवायची, फरशी तीच पुसायची. आणि मोठ्या बाईंनी करंडा हातात घेतला की ती जाऊन माठापाशी उभी राहायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. थांबही कुणी म्हटलं नव्हतं. मी तीन वर्षं ते पाहत होते आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता तिचा चेहरा पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली.

मोठ्या बाईंनी चष्मा परत घातला. त्या रागावतील की काय म्हणून मी मध्ये तोंड घालणार होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, "हौसाबाई, कुठली कुणाची ते तुम्हाला ओळखता येईल का?"

"व्हय," मावशी म्हणाली. "माजी मला कळत्यात."

ती पुढे आली. पहिलं कार्ड उचललं आणि ठिपक्याची कड नखानं हलकेच खरवडली. लाल निघालं, खाली पिवळं दिसलं.

"आदी हळद, मग कुंकू," ती म्हणाली. "ही माजी. बाईंनी खुणेला नुसतंच कुंकू लावल्यालं. तेच्यावर म्या बोट टेकलं न्हाई. एकदा लावल्यालं असताना परत कोण लावतंय?"

मग काय विचारता! मी, मोठ्या बाई, सहा मुली, सगळ्या टेबलाभोवती वाकलो आणि नखांनी ठिपक्यांच्या कडा खरवडू लागलो. "पिवळं!" "पिवळं!" "बाई, इथं पिवळं नाही!" रेश्मा अजून नाक ओढत होती, पण सगळ्यात जास्त कार्डं तिनंच तपासली. बावीस पिवळी निघाली. नऊ निघाली नाहीत. मी ती दोनदा मोजली, मग मावशीला मोजायला लावली.

वडिलांच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर मी पूजेतून मागून आणला होता. मी कार्डं बसवत गेले, मुली झाकणं लावत गेल्या. आप्पासाहेबांची जीप आवारात शिरली तेव्हा शेवटची वायर लागत होती.

ते कोट सावरत खुर्चीवर बसले. "हं, करा सुरू पूजा."

"यंत्रांची पूजा झाली, आप्पासाहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "सकाळीच. हौसाबाईंनी केली."

आप्पासाहेबांनी मावशीला शोधलं. ती सवयीनं माठापाशी जाऊन उभी होती. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. घसा खाकरला.

मोठ्या बाई तेवढ्यात माठापर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी करंडा मावशीच्या हातात दिला. "नारळ तेवढा राहिलाय, हौसाबाई. त्याला लावा आणि फोडा. उशीर नको, साहेबांना पुढं जायचंय."

मावशीनं आधी हळद लावली, मग कुंकू. ठिपका चांगला बोटभर लांब झाला. पण नारळ तिनं एका घावात फोडला.

"बघू तरी," आप्पासाहेब म्हणाले, "बोलतात का तुमची यंत्रं."

दहाही उठली. दहाही कार्डांवरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. रेश्मानं पहिल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहिली, आणि बाकीच्या नऊ पडद्यांवर ती एकदम उमटली. 'जेवणाची सुट्टी कधी?' तिनं विचारलं होतं.

आप्पासाहेब पोट धरून हसले. जाताना जीपमधून म्हणाले, "राहू द्या इथंच."

दुपारी शाळा रिकामी झाल्यावर मी मावशीबरोबर पायरीवर बसून नारळ खात होते. माझ्या मनात तेच घोळत होतं. "मावशी, का लावलंत हो?"

तिनं तोंडातलं खोबरं संपवलं.

"तुमी नवांना लावलं," ती म्हणाली. "बावीस तशीच मोकळी. वाटलं, सणाची तशी कशी ठिवायची? मग म्हटलं, मोठ्या बाई लावतील. पर ती तर भट्टीत जायाची. त्यास्नी कोण लावतंय?" तिनं पदरानं हात पुसले. "बारा वरसं तबक घासतीया, बाई. एकदा वाटलं, आपल्या हातानं लावावं. माणसाला चालत नसंल. यंत्राला काय कळतंय, कुनी लावलं ते?"

मी माझ्या वाटणीचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं. तिनं तेही खाल्लं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी बावीस मुकी कार्डं घेऊन दादासोंकडे गेले. ते कात्री घेऊन बसलेच होते. दातांची कड कातरून घ्यायची आणि बाकीचं फेकायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांनी पहिलं कार्ड उचललं आणि उजेडात धरलं.

"ह्येला हळदकुंकू कुनी लावलं?"

"हौसामावशींनी. आज पूजा झाली."

"रंगरावाच्या हौसानं?" दादासोंनी कात्री खाली ठेवली. रंगराव म्हणजे मावशीचा नवरा. तो आणि दादासो एकाच वर्षी गाव सोडून गलाईला गेलेले, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी कार्डं एकेक करून परत पिशवीत भरली. "पुजल्यालं म्या कातरत न्हाई, बाई. न्या परत."

"पण त्यातलं सोनं, दादासो?"

"सोनं काय हो," ते हसले, "उद्या सगळा गावच वाटतोय."

ती पिशवी कपाटाच्या तळाशी दोन वर्षं पडून होती. पूजा मात्र त्या वर्षापासून हौसामावशीच करायची. पहिल्यांदा एकदोघींनी नाकं मुरडली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, विषय मिटला.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात आणखी चार जुने कॉम्प्युटर मिळाले आणि मासिकाबरोबर लिनक्सची नवी सीडी आली. पुन्हा कार्डं शोधत हिंडायचं माझ्या जिवावर आलं होतं. सहज म्हणून मी कपाटातली पिशवी काढली आणि एक मुकं कार्ड खाचेत घातलं. ठिपका अजून तसाच होता, खरवडलेल्या कडेला जरासा पिवळा.

यंत्र उठलं. मी शेजारच्याला हाक मारली. ओ आली.

मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली. दुसरं घातलं, तेही बोललं. तिसरं बोललं. मी दुपारभर उठले नाही. बावीसपैकी एकोणीस कार्डं घडाघडा बोलत होती. कार्डं तीच होती. नवं लिनक्स मधल्या काळात त्यांची भाषा शिकलं होतं, एवढंच.

मावशी केर काढत आत आली आणि स्टूल ओढून बसली. "काय म्हणतंय?"

"मावशी, बोलतायत! तुमची सगळी बोलतायत. ह्यांच्यात काही खोट नव्हतीच. तेव्हा ह्यांना ओळखणारं कुणी नव्हतं."

मावशीनं एक कार्ड हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि ठिपका बघितला. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"म्या तर तवाच लावलं हुतं की कुंकू," ती म्हणाली, आणि पुढचं कार्ड माझ्या हातात दिलं.